फ्लोटिंग शेल्फ घरी बनवताना: कामाच्या नोंदी

६ सप्टेंबर. आराखडा

एकाच भिंतीवर तीन फळ्या, ब्रॅकेट कुठेही दिसणार नाही अशा. दोन प्लायच्या, आतून पोकळ: ९०० मिमी लांब, २२० खोल, ४५ जाड. तिसरी अखंड लाकडाची, ६०० × २०० × ४०, भिंतीत रोवलेल्या सळयांवर. पोकळ फळीत आधी भिंतीला एक आडवी पट्टी लागते, पट्टीतून चार हात बाहेर येतात आणि त्यावर प्लायचा खोका उशीला अभ्रा चढवावा तसा चढतो.

खोली २२० वर का थांबवली, त्याचा हिशेब छोटा आहे. भिंतीची पट्टी जेमतेम ३० मिमी उंच. स्क्रू तिच्या तळापासून २० मिमीवर. फळीवर १० किलो सारखं पसरलं तर त्याचा भार भिंतीपासून ११० मिमीवर धरायचा. ११० भागिले २० म्हणजे साडेपाच. १० किलोला सगळ्या स्क्रूंवर मिळून ५५ किलोची बाहेरची ओढ. खोली ३०० केली की तीच ओढ ७५ किलो. पुस्तकांची मीटरभर रांग २० किलोच्या पुढे सहज जाते, तेव्हा पुढचा गुणाकार ज्याने त्याने करावा.

स्क्रू पट्टीच्या बरोबर मधोमध मारायची सर्वांना सवय. मधोमध म्हणजे १५ मिमी, आणि तिथे ओढ ७३ किलो होते. पाच मिमी वर सरकवल्याने १८ किलो वाचतात, खर्च शून्य.

उंची ३० आणि बाहेर २०० हे प्रमाण डोक्यात ठेवून पुढचं सगळं वाचावं. पट्टीपाशी झालेला फरक पुढच्या कडेला साडेसहा-सात पट होऊन दिसतो.

७ सप्टेंबर. भिंत बघणे

पट्टीमागे झाकलं जाईल अशा जागी ६ मिमीचं तपासणीचं भोक पाडलं. सुरुवातीला ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारणारी सोय, बंद. पहिले २० मिमी राखाडी भुकटी, म्हणजे गिलावा. नंतर लाल, म्हणजे वीट. भुकटीकडे लक्ष ठेवलं की भिंत स्वतःच सांगते. राखाडीच येत राहिली आणि बिट जड चाललं तर काँक्रीट. राखाडी, पण बिट मध्येच झपकन आत गेलं तर विटांमधला सांधा. पांढरट पीठ आणि बिट विनासायास आत, तर हलका एएसी ब्लॉक. त्यात हॅमर अजिबात लावायचा नाही, भोक ऐसपैस होतं आणि प्लग, म्हणजे स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची गिट्टी, धरत नाही. प्लगही त्या ब्लॉकसाठी बनवलेलेच घ्यायचे. पोकळ ब्लॉकमध्ये साधा प्लग नुसता फिरतो, तिथे जाळीच्या नळीसकट केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरून कडक होणारा रेझिन. जिप्सम बोर्ड असेल तर मागचा उभा सांगाडा सापडल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. बोर्डाला लावलेली फुलपाखरी गिट्टी चित्राच्या फ्रेमसाठी ठीक, या फळीसाठी नाही.

स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्यांच्या आडव्या रेषेत एकही भोक घ्यायचं नाही. वायर शोधणारा डिटेक्टर गप्प राहिला म्हणून धीट होऊ नये. करंट नसलेली वायर बऱ्याच डिटेक्टरना कळत नाही.

मग मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियम पट्टी भिंतीला आडवी लावली. डावीकडे गिलाव्याला पोट आहे, मध्ये ४ मिमी खड्डा, म्हणजे सव्वा सूत. नुसत्या डोळ्याला ही भिंत सपाट दिसते.

लेव्हल वापरण्याआधी तिचीच परीक्षा: भिंतीवर लेव्हल धरून रेघ मारायची, मग लेव्हल टोकाची टोकाला उलटी फिरवून त्याच रेघेवर धरायची. बुडबुडा दोन्ही वेळा सारखा हवा. फरक दिसला तर चूक त्याच्या निम्मी. हे न केल्याने तिन्ही फळ्या एकाच बाजूला कललेल्या असू शकतात, आणि ते पूर्ण काम झाल्यावरच लक्षात येतं.

१३ सप्टेंबर. कापणी

एका पोकळ फळीला लागणारे तुकडे, मिमीमध्ये:

वरचा प्लाय, ९ जाड: ८८४ × २२०
खालचा प्लाय, ६ जाड: ८८४ × २२०
पुढची आतली पट्टी: ८८४ × १८ × ३०
बाजूच्या आतल्या पट्ट्या, २ नग: २०२ × १८ × ३०
भिंतीची पट्टी: ८४२ × ४० × २९.५
हात, ४ नग: १८८ × ४० × २९.५
लिपिंग, म्हणजे बाहेरच्या कडा झाकणाऱ्या लाकडी पट्ट्या, ८ जाड आणि ४८ रुंद: पुढचा एक तुकडा, बाजूंचे दोन

प्लाय आणि बाजूच्या पट्ट्या मागे ८ मिमी जास्त ठेवल्या आहेत. भिंतीच्या वाकडेपणाप्रमाणे मागची कड घासायला ही पुंजी लागते. पोकळी ८४८ लांब, पट्टी ८४२: दोन्ही बाजूंना ३-३ मिमी मोकळे. पोकळीची खोली १९४, हात १८८.

उंचीत मात्र फक्त अर्धा मिमी सूट. ढिलाई जास्त झाली की फळी पुढे झुकते: अर्ध्या मिमीला पुढची कड साधारण ०.६ मिमी खाली, दीड मिमीला पावणेदोन. त्याहून कमी ठेवली की पॉलिश चढल्यावर खोका चढतच नाही. हे माप साधायची सोपी रीत अशी की खोक्याच्या पट्ट्या आणि सांगाड्याचे (भिंतीची पट्टी आणि हात) तुकडे एकाच फळीतून काढायचे, सगळे ३० वर एकाच वेळी रंधून घ्यायचे आणि मग फक्त सांगाड्याच्या तुकड्यांना रंध्याचे आणखी हलके हात द्यायचे. टेपवर अर्धा मिमी वाचत बसू नये. व्हर्निअर नसेल तर पट्टीवर प्लायचा तुकडा ठेवून नखाने उंची चाचपावी, बोटाला पाव मिमी सुद्धा कळतो.

९ मिमीचा प्लाय प्रत्यक्षात ८.६ भरला. हे नेहमीचंच आहे. इथे बिघडलं काही नाही, कारण पोकळी प्लायवर ठरत नाही, आतल्या पट्ट्यांवर ठरते. लिपिंग मात्र खोका तयार झाल्यावर मापूनच बसवायचं.

सांगाड्याला वाळलेलं, सरळ रेषेचं लाकूड. गाठ असलेला तुकडा हाताला वापरायचा नाही, विशेषतः पट्टीलगतच्या ५० मिमीत गाठ असेल तर तो बाजूलाच ठेवायचा. प्लाय कापताना हातातल्या सर्क्युलर सॉने चांगली बाजू खाली, टेबल सॉवर चांगली बाजू वर. कापायच्या रेघेवर मास्किंग टेप. आडव्या कापाला तरीही थोड्या चिंध्या निघाल्या, पण त्या लिपिंगखाली जातील.

१४ सप्टेंबर. सांगाडा

हात पट्टीला मागून एक लांब स्क्रू मारून जोडायची पद्धत खूप दिसते. टाळावी. तो स्क्रू हाताच्या टोकाकडच्या, म्हणजे तुटक्या धाग्यांमध्ये जातो, आणि तिथे त्याची पकड सगळ्यात कमी असते. भार तर नेमका तिथेच.

इथे हाफ लॅप केला: पट्टीत वरून निम्मी खाच, हातात खालून निम्मी खाच, जीभ ४० मिमी लांब. हाताची जीभ वर आली पाहिजे. तशी आली की वजन पडल्यावर हाताचा खालचा खांदा पट्टीच्या तोंडावर दाबला जातो आणि वरची जीभ गोंद व स्क्रूंवर ओढली जाते, दोघांनाही हे काम झेपतं. उलटं केलं, जीभ खाली आली, की जोड बिजागरीसारखा वर उघडतो.

खांदा पट्टीला अगदी चिकटून बसला पाहिजे. तिथे ०.३ मिमीची फट राहिली तरी हाताचं टोक दीड मिमीहून जास्त झुकू शकतं. एका जोडाला अशी फट आली. खाच मोठी करून उपयोग नव्हता, म्हणून पटाशीने जिभेचं मागचं टोक किंचित कमी केलं, हात आत सरकला आणि खांदा टेकला. गोंद, आणि वरून ४ × २५ चे दोन स्क्रू तिरपे एकमेकांसमोर. आधी भोक पाडूनच.

हातांचे मध्य पट्टीच्या डाव्या टोकापासून ८०, ३०७, ५३५ आणि ७६२ वर. दोन्ही टोकांना ६०-६० मिमी मोकळं ठेवलं, कारण भिंतीचे बाहेरचे दोन स्क्रू तिथे जातात. बाकी तीन स्क्रू हातांच्या मधल्या जागांत. खाचेच्या जागी पट्टी निम्मीच उरते, तिथे भिंतीचा स्क्रू नको. स्क्रूची भोकं ८ मिमीची ठेवली, स्क्रू ६ मिमीचा आणि खाली वॉशर. या दोन मिमीच्या सुटीची किंमत भिंतीवर गेल्यावर कळते.

गोंद सुकायच्या आत सगळा सांगाडा सपाट काचेवर उताणा ठेवून बघितला. चारही टोकं टेकली पाहिजेत. एखादं टोक अधांतरी राहिलं तर आताच दाबून सरळ होतं, उद्या होत नाही.

२० सप्टेंबर. खोका चिकटवणे

आधी खालच्या प्लायवर पुढची आणि बाजूची पट्टी. सुकल्यावर आतला ओघळलेला गोंद पटाशीने साफ. मग वरचा प्लाय.

वरचा प्लाय बसवताना आतलं काही दिसत नाही, आणि हीच या कामातली सगळ्यात त्रासाची जागा. दाबलेला गोंद आतल्या कोपऱ्यात मण्यांच्या रांगेसारखा बाहेर येतो आणि सुकून दगड होतो. पहिल्या खोक्यात सांगाडा सुरळीत सरकत गेला आणि शेवटच्या ४० मिमीवर थांबला. हात अडत नव्हते, ते बाजूच्या पट्ट्यांपासून लांब आहेत. पट्टीची काटकोनी टोकं कोपऱ्यातल्या गोंदावर आपटत होती. ३० मिमी उंचीच्या तोंडात पटाशी नीट चालत नाही. लांब पट्टीच्या कडेला ६० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून घासायला गेलं तर तासन् तास जातात आणि गोंद तापून कागद भरतो. उपाय भलतीकडेच होता: गोंद तसाच ठेवायचा आणि पट्टीच्या दोन्ही टोकांचे वरचे कोपरे पटाशीने ४ मिमी तासून काढायचे. पाच मिनिटांचं काम. भिंतीच्या पट्टीचं टोक कुणालाच दिसत नाही.

दुसऱ्या खोक्यात वरचा प्लाय बसवतानाच सांगाडा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवला आणि गोंद घट्टसर झाल्यावर, साधारण अर्ध्या तासाने, ओढून काढला. रात्रभर ठेवू नये. प्लास्टिकच्या सुरकुत्यांत गोंद शिरला की सांगाडा आत अडकून बसतो.

दुसरी काळजी पिळाची. खोका एकदा चिकटला की तो जसा असेल तसाच कायम राहतो; रंध्याने किंवा स्क्रूने पीळ निघत नाही. म्हणून जमिनीवर क्लॅम्प लावू नये. खाली जाड सपाट बोर्ड, त्याला पॅकिंग देऊन सरळ केलेला, आणि क्लॅम्प आवळल्यावर खोक्याच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्याने बघायचं. दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसायला हव्यात. क्लॅम्प दर १२०-१५० मिमीला एक, मध्ये लाकडी पट्टी म्हणजे दाब पसरतो. क्लॅम्प कमी असतील तर सपाट बोर्ड आणि त्यावर विटा, काही बिघडत नाही. पांढऱ्या गोंदाला क्लॅम्प तासभर पुरे, पण चोवीस तास जोर द्यायचा नाही.

२१ सप्टेंबर. लिपिंग, घासकाम, पॉलिश

लिपिंगच्या पट्ट्या ४५ अंशांत कापून कोपऱ्यात जुळवल्या. पट्टी प्लायपेक्षा दीड मिमी वर-खाली उरते, ती रंध्याने खाली आणायची. इथे प्लायचा वरचा पापुद्रा निघून जायची भीती खरी आहे. तो अर्ध्या मिमीच्या आतबाहेर असतो. लिपिंग आणि प्लाय दोघांवरून पेन्सिलीच्या नागमोडी रेघा मारल्या. रंधा फक्त लिपिंगवर. प्लायवरच्या रेघा पुसट व्हायला लागल्या की थांबायचं. शेवटचा हात १८० च्या कागदाने, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. प्लायवर १२० नंबर मशीनने फिरवू नये. पापुद्र्याखालचा गोंद उघडा पडला की तिथे पॉलिश धरत नाही आणि डाग कायमचा राहतो.

पॉलिशचे तीन हात, मधल्या वेळी ३२० ने हलकं घासून. वरखाली दोन्हीकडे सारखे हात द्यायचे, नाहीतर प्लाय एका बाजूने ओल धरून वाकतो. खोक्याच्या तोंडाशी आतल्या बाजूला टेप लावला होता. तिथे पॉलिशचे ओघळ गेले तर अर्धा मिमी सुटीतली निम्मी सूट तिथेच संपते.

२७ सप्टेंबर. पट्टी भिंतीवर

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि जायलाच हवा.

स्क्रू ६ × १२०, षट्कोनी डोक्याचे. त्यातले ४० पट्टीत, २० गिलाव्यात, ५० प्लगमध्ये, उरलेले आठ-दहा प्लगच्या पुढे. प्लग १० मिमीचा, ५० लांब. भोक ९० मिमी खोल. बिटवर तेवढ्या अंतरावर टेप. आधी ६ मिमीचं भोक हॅमर न लावता गिलाव्यातून, मग १० मिमीचं हॅमर लावून. थेट १० ने सुरुवात केली की बिट गिलाव्यावर नाचतं आणि भोक तीन-चार मिमी बाजूला जातं. भुकटी पंपाने उडवायची, ब्रश फिरवायचा, पुन्हा पंप. तोंडाने फुंकलं की सगळं डोळ्यांत.

प्लग गिलाव्याच्या तोंडाशी ठेवून चालत नाही. जुना बोल्ट टेकवून हातोडीने त्याला २० मिमी आत, विटेत, बसवायचं. गिलाव्यात फुगलेला प्लग ओढ आली की बशीएवढा गिलावा घेऊन बाहेर येतो.

क्रम: एका टोकाचं भोक, तिथे स्क्रू सैल. लेव्हल बघून दुसऱ्या टोकाची खूण. ते झाल्यावर मधल्या तीन खुणा पट्टीतूनच बिट घालून. पाचही खुणा आधीच टेपने मोजून पाडल्या तर एखादं भोक जुळत नाहीच.

डावीकडून दुसरं भोक सांध्यात गेलं. भुकटी लालवरून राखाडी झाली आणि बिट झपकन आत. प्लग बसला, पण स्क्रू आवळताना त्याच्याबरोबर फिरू लागला. जाड प्लग किंवा काडीपेटीच्या काड्या कोंबून ते भोक वाचवण्यात अर्थ नव्हता. सांध्यातला माल भुसभुशीत होता. ३५ मिमी उजवीकडे विटेच्या पोटात नवं भोक घेतलं, पट्टीतही नवं पाडलं. जुनं भोक भरून टाकलं. दुसऱ्या फळीसाठी मग उंचीच १५ मिमी वर घेतली, म्हणजे स्क्रूंची ओळ सांध्यापासून दूर पडली. आराखड्यात फळ्यांची उंची मिमीपर्यंत घट्ट ठरवू नये, ती इथे ठरते.

खड्ड्यावर पट्टी सरळ आवळली तर पट्टीच आत वाकते, हात बाहेरच्या बाजूला पंख्यासारखे फाकतात आणि खोका चढत नाही. म्हणून प्रत्येक स्क्रूपाशी मागे पॅकिंग: मध्ये ४ मिमी, शेजारी २, टोकाला काही नाही. पॅकिंग प्लायचं किंवा प्लास्टिकचं, पुठ्ठ्याचं नको, तो वर्षभर दबत राहतो. आणि ते पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत पोचलं पाहिजे, कारण भिंतीवर दाब तिथेच येतो. नुसतं स्क्रूभोवती वॉशरएवढं पॅकिंग दिलं की पट्टी त्यावर डोलते.

मग हातांची पातळी. छोटी लेव्हल प्रत्येक हातावर, भिंतीच्या काटकोनात. तिसऱ्या हाताचं टोक ३ मिमी खाली होतं. जोड ठीक होता. पट्टीच्या वरच्या कडेमागे गिलाव्याचा वाळूचा एक दाणा उभा होता, अर्ध्या मिमीचा. तेवढ्याने पट्टी वरून सुटून पुढे कलली होती. पटाशीच्या एका फटक्यात दाणा गेला, हात जागेवर आला. त्यामुळे पट्टी लावण्याआधी तिच्या पूर्ण लांबीत भिंतीवरून ६० नंबरचा कागद ठोकळ्याला गुंडाळून फिरवणं बरं.

शेवटी मुद्दाम दीड मिमी उचल दिली: पट्टीच्या तळामागे सलग पाव मिमीची पातळ प्लास्टिक पट्टी. वजन आल्यावर सगळे जोड थोडे बसतात, त्यात ही उचल खपते. दोन मिमीच्या वर उचल नको, रिकाम्या फळीवर ती दिसते आणि पेन गडगडत भिंतीकडे येतं.

शेवटचे आटे पान्याने, हाताने. इम्पॅक्ट ड्रायव्हरने विटेतला प्लग कधी सुटला ते कळतसुद्धा नाही.

२८ सप्टेंबर. खोका चढवणे

खोका सांगाड्यावर जाईल तितका सरकवला. टोकाला टेकला, मध्ये फट. फटीत सगळ्यात मोठं अंतर होतं तेवढ्या जाडीचा ठोकळा घेऊन त्यावर पेन्सिल धरली आणि भिंतीवरून ठोकळा सरकवत प्लायवर रेघ ओढली, वर आणि खाली दोन्हीकडे. रेघेपर्यंत रंधा. मागे खोका उघडाच असल्याने घासायला फक्त प्लायच्या दोन पातळ कडा आणि बाजूच्या पट्ट्यांची टोकं, फार वेळ लागत नाही. रंधा टोकाकडून आतल्या बाजूला चालवायचा, बाहेर चालवला तर लिपिंगचा कोपरा उडतो.

दोन कडांमध्ये खालची जास्त महत्त्वाची. ती भिंतीला टेकली की खोकाही भिंतीवर दाब देतो आणि स्क्रूवरची ओढ कमी होते: लिव्हर २० ऐवजी २६ मिमी, १० किलोला ५५ ऐवजी सुमारे ४२ किलो. वरच्या कडेला अर्धा मिमी फट राहिली तर ती फक्त दिसायची गोष्ट, अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरते.

खोका जागेवर धरणाऱ्या स्क्रूंबद्दल. फळी नजरेच्या वर असेल तर स्क्रू वरून, खाली असेल तर खालून, म्हणजे ते दिसत नाहीत. पण जागा बदलते. वरून मारायचे तर मागच्या पट्टीत (३.५ × २५, तीन नग): ते वरच्या प्लायची मागची बाजू खाली ओढतात आणि पुढची कड उचलली जाते. खालून मारायचे तर हातांच्या टोकात (३.५ × २०, प्रत्येक हाताला एक): ते खालचा प्लाय टोकाशी वर ओढून धरतात. खालून मागच्या पट्टीत मारलेले स्क्रू फळी फक्त अडकवून ठेवतात, झुकाव तसाच राहतो, कारण मागे खालचा प्लाय आधीच टेकलेला असतो. गोंद लावला नाही. भिंत रंगवायची वेळ येतेच.

४ ऑक्टोबर. अखंड फळी

१२ मिमीच्या तीन सळया, फळीच्या टोकापासून १००, ३०० आणि ५०० वर. भिंतीत ११०, बाहेर १५०. भिंतीतलं भोक १४ मिमी, आत केमिकल अँकरचा रेझिन.

फळीच्या जाडीत १५० मिमी खोल भोक सरळ पाडणं हेच सगळं काम. हातात ड्रिल धरून भागत नाही. बिट लाकडाच्या रेषेमागे जातं. जाड लाकडाच्या ठोकळ्यात आधी काटकोनात भोक पाडून तो ठोकळा फळीच्या कडेला क्लॅम्प केला आणि त्यातून बिट घातलं. दर २० मिमीला बिट बाहेर काढून भुस्सा साफ, नाहीतर बिट तापतं आणि वळतं. भोक १२ चंच ठेवलं आणि सळई एमरी पेपरने घासून सरकती केली. १३ चं भोक सोयीचं वाटतं, पण त्या एका मिमीने पुढची कड सव्वा मिमी खाली जाते. ही भोकं फळीचं घासकाम करण्याआधीच पाडावीत. बिट पृष्ठभागाच्या फार जवळ गेलं तर तेव्हा फक्त लाकूडच वाया जातं.

तीन भोकं एकमेकांना पूर्ण समांतर नव्हती, मधलं किंचित खाली कललेलं. म्हणून भिंतीत सळया वेगळ्या न रोवता फळीलाच साचा केलं: सळया फळीत घातल्या, मागच्या कडेला प्लास्टिक चिकटवलं, भिंतीतल्या भोकांत आतून सुरुवात करून दोन तृतीयांश रेझिन भरला आणि सळयांसकट फळी आत ढकलली. खाली टेकू, वर लेव्हल. रेझिनच्या नळीतून पहिला निघणारा माल एकसारख्या रंगाचा होईपर्यंत फेकायचा. तो नीट मिसळलेला नसतो आणि कधीच कडक होत नाही. भोकातली भुकटी इथे आणखी महत्त्वाची, रेझिन भुकटीला चिकटतो आणि भुकटी भिंतीला चिकटलेली नसते.

अखंड लाकूड रुंदीत हलतं. २०० मिमीला हवेतल्या ओलाव्याप्रमाणे दोन-तीन मिमीचा फरक पडू शकतो, आणि इथे रुंदी म्हणजे सळयांचीच दिशा. सळईवर पूर्ण लांबीत गोंद लावला तर लाकूड तडकायला वाव मिळतो. फक्त टोकाला लावला तर कोरड्या दिवसांत भिंतीपाशी फट उघडते. म्हणून भिंतीलगतच्या ३० मिमीतच सिलिकॉनचा थेंब, प्रत्येक सळईला एक. मागची कड भिंतीशी राहते, हालचाल पुढे होते आणि कुणाला दिसत नाही.

११ ऑक्टोबर. वजन ठेवून बघणे

पुढच्या कडेची जमिनीपासून उंची तीन ठिकाणी मोजून भिंतीवर टेपचे तुकडे लावले. मग प्रत्येक फळीवर नेहमीच्या अंदाजाच्या दीडपट वजन, पुढच्या निम्म्या भागात, चोवीस तास.

पोकळ फळ्या पहिल्या तासात एक मिमी बसल्या आणि तिथेच थांबल्या. उचल दीड मिमीची होती, त्यामुळे पातळी अजून किंचित वरच आहे. अखंड फळी हलली नाही. पहिल्या तासात बसणं हे जोड आणि सूट मिटण्याचं लक्षण, त्याची चिंता नको. दुसऱ्या दिवशीही माप उतरत राहिलं तर प्लग सरकतोय, आणि अशा वेळी वजन उतरवून खोका काढायचा, कुठल्या स्क्रूचं वॉशर बोटाने फिरतंय ते शोधायचं.

वजन उतरवल्यावर पाचही स्क्रू पुन्हा तपासायचे असतील तर खोका काढावा लागतो. नऊ मिमीच्या प्लायमधले स्क्रू सारखे काढघाल केले की लाकडातली भोकं ढिली होतात. पुढच्या वेळी ३.५ ऐवजी ४ मिमीचे घ्यायचे.